फेसाचे वैरी नाना

“रबडीच्या डागावर गरम पाणी? अहो सावंतजी, शर्ट धुवून राहिलात की चहा टाकून राहिलात?”

हा आवाज खालच्या अंगणातून आला, आणि असा आला की माझ्या हातातला वाफाळता मग आपोआप मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला. इंदुरात आता रस्त्यावर गाई शिल्लक नाहीत, नाहीतर त्या दिवशी छत्रीबागेतल्या झाडून सगळ्या गाई उठून उभ्या राहिल्या असत्या. समोरच्या दुकानाचं शटर मात्र अर्धं खाली आलं. दुकानदाराला वाटलं, कुठेतरी दंगल झाली.

“थांबा! हात नका लावू! मी येऊन राहिलोय!”

पंचाहत्तरी उलटलेला माणूस जिना चढताना दम खातो, असा आपला समज. नाना घाटपांडे जिना चढले नाहीत, जिनाच घाबरून खाली सरकला. ते मोरीच्या दारात उभे राहिले तेव्हा मी एखाद्या खुनाच्या जागी सापडलेल्या माणसासारखा दिसत असणार. एका हातात ऑफिसचा पांढरा शर्ट, छातीवर रबडीचा डाग, पायाशी बादलीतून निघणारी वाफ. ती वाफच खिडकीतून बाहेर गेली होती आणि चुगली करून आली होती. आणि डाग? तो तर आदल्या दिवशी मी फाटकातून आत आलो तेव्हाच नानांनी बघून ठेवला होता. माणसाचा चेहरा विसरतील, डाग विसरायचे नाहीत.

“दूध, दही, रबडी, अंडं, रक्त,” नाना म्हणाले, “यांना गरम पाणी दाखवायचंसुद्धा नाही. शिजतात ते. एकदा कापडात शिजले की ब्रह्मदेव आला तरी निघत नाहीत. थंड पाणी, आणि मागच्या बाजूनं. डाग ज्या रस्त्यानं आला त्याच रस्त्यानं वापस धाडायचा.”

त्यांनी शर्ट उलटा केला, नळाखाली धरला, साबणाची वडी हलकेच फिरवली. मी मिशीतल्या मिशीत हसतोय तोवर डाग निघून गेला होता. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. मघाचा तोफखाना कुठे गेला कळेना.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “काल संध्याकाळीच येऊन सांगायला पाहिजे होतं. मला डाग मालूम होता. तुम्ही नवीन माणूस. माझंच चुकलं.”

मी सांगलीहून बदली होऊन आलो होतो, नोकरी शहराबाहेरच्या कारखान्यात, आणि घाटपांड्यांचा वरचा मजला भाड्यानं घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. ‘माझंच चुकलं’ हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरावरून उडणारे पोपटसुद्धा तेच म्हणत असावेत. वीज गेली, माझंच चुकलं. पोहे जरा चिकट झाले, माझंच चुकलं, नाना म्हणे त्यांच्या बायकोला, काकूंना, गॅसजवळ बोलण्यात गुंतवत होते. भारत मॅच हरला तरी नाना टीव्ही बंद करून खिन्न व्हायचे, कारण शेवटच्या षटकात ते उठून पाणी प्यायला गेले होते.

नाना शिक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आजोबा होळकर दरबारात कारकून होते, हे ते सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या. अंगानं काटकुळे, नाक मोठं, कानावर केस. घरात सदैव पांढरा सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पण तो सदरा! चंद्र त्याच्यापुढे मळका वाटायचा. त्यांच्या दोरीवर कपडे वाळत असले की गल्लीतली माणसं उन्हाचा चष्मा लावून जायची.

सकाळी मागच्या अंगणात नाना धुणं घेऊन बसत आणि अंगणावर उघडणाऱ्या खिडकीत काकू खुर्ची टाकून बसत. काकूंचा खुबा मोडलेला, काठीशिवाय चालता येत नसे. मात्र जो जोर पायातून गेला तो सगळा गळ्यात येऊन जमला होता.

“अहो, सुनता का! तो नेव्ही ब्लू वेगळा काढा!”

“काढलाय.”

“कुठे काढलाय? मला दिसून राहिलाय ना! पांढऱ्या चादरीला चिकटून बसलाय जसा काही जावईच!”

“अगं, तो पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवला होता, रंग नाही सोडत आता.”

“नाही सोडत म्हणे! तुमच्या बहिणीच्या लाल पोलक्यानंसुद्धा धुण्याच्या बाईला हेच सांगितलं होतं. सात बनियन गुलाबी झाले. ऑफिसात उन्हाळ्यात सदऱ्याचं बटण उघडायची सोय नव्हती तुम्हाला!”

“माझंच चुकलं.”

असा रोजचा कार्यक्रम. माझी बायको सांगलीला असल्यामुळे भांडणाची मला सवय राहिली नव्हती, ती या दोघांनी टिकवून ठेवली.

आमच्या घरात पाण्याच्या दोन जाती. एक नर्मदेचं पाणी, ते दिवसाआड नळाला यायचं. आणि दुसरं बोरिंगचं, ते कधीही, पण इतकं जड की पेल्यात ओतलं की टेबल वाकेल. मी पहिला महिनाभर बोरिंगच्या पाण्यात कपडे धुतले. साबणाला फेस येईना म्हणून आणखी पावडर टाकली. तरी येईना म्हणून आणखी टाकली. शर्ट वाळल्यावर असे कडक झाले की मी एक शर्ट खुंटीवरून काढला तर तो आपल्या पायांवर उभाच राहिला. मला वाटलं, आता याला ऑफिसात पाठवावं आणि आपण घरी झोपावं.

नानांनी तो शर्ट बोटानं वाजवून पाहिला. खरंच वाजला.

“पावडर किती टाकली?”

“पेलाभर.”

नानांचा चेहरा पांढरा पडला. “पेलाभर! भिया, ह्यात कपडे नाही, भैंस धुवाल! अहो, पाणी जड असलं की अर्धा साबण त्या पाण्याशीच झगडून मरतो. तुम्ही आणखी टाकता, तो कपड्यातच बसून राहतो. मग कपडा कडक, मळका, वर खाजसुद्धा येते. नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी धुवा. साबण चिमूटभर. आणि शेवटच्या पाण्यात एक चमचा सिरका टाका, मागचा सगळा साबण निघून येईल.”

“पण नाना, फेसच आला नाही तर मळ कसा निघणार?”

“मळ फेस नाही काढत. पाणी काढतं, आणि हात काढतो. फेस नुसता शो.”

फेस या गोष्टीशी नानांचं वैर होतं. पावडर ते आमटीत हिंग टाकावा तशी टाकत. चुकून बादलीत फेस वर आला तर तळव्यानं दाबून दाबून मारत, आणि मारताना आजूबाजूला बघत, कुणाच्या पायाखाली तर गेला नाही ना. धुणं संपलं की अंगण तीन वेळा पाण्यानं आणि एकदा कोरड्या फडक्यानं पुसत. आमचं अंगण इतकं कोरडं असायचं की मुंग्यासुद्धा सोबत पाण्याची बाटली घेऊन येत असाव्यात.

या वैराचं कारण मला कुणाला विचारावं लागलं नाही. नाना ते स्वतःच सांगायचे, सगळ्यांना. ओळख झाल्यापासून चहा येईपर्यंतच्या अवधीत सांगायचे. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही त्यांनी सांगितलं होतं.

“काय आहे सावंतजी, आमची ही माझ्या फेसावरून पडली.”

झालं होतं असं. रंगपंचमीचा दिवस. इंदुरात रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. टँकरनं रंग, तोफेनं गुलाल, रस्त्यावर लाखो माणसं, आणि त्यात ज्याचा कपडा पांढरा राहिला तो माणूसच नव्हे. काकूंचा मात्र त्या प्रकाराला सक्त विरोध. गेरमध्ये लोफर लोक जातात, आपल्या घराण्यात कुणी गेलं नाही, हा त्यांचा कायदा. नानांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रंगपंचमीला हा कायदा मोडला. भाजी आणायला म्हणून निघाले आणि राजवाड्याकडे गेले. हिरवे-जांभळे होऊन मागच्या दारानं परत आले. काकूंना कळायच्या आत पुरावा नष्ट करायचा म्हणून गुपचूप गच्चीवर गेले आणि जन्मात पहिल्यांदा कपडे धुवायला बसले. अख्खं पुडकं रिकामं केलं. अर्धी गच्ची फेसानं भरली. सदऱ्याचा रंग काही निघाला नाही. ते आंघोळीला खाली आले, आणि थोड्या वेळानं वरून काकूंची किंकाळी ऐकू आली. नाना धावत गेले तर काकू जांभळ्या फेसात आडव्या पडलेल्या.

खुब्याचं ऑपरेशन झालं. काकू घरी आल्या, पण पूर्वीच्या पायांनी नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी धुण्याच्या बाईला निरोप दिला आणि धुण्याची बादली स्वतःकडे घेतली. ती पुन्हा खाली ठेवली नाही. हेडक्लार्क माणूस, काम हातात घेतलं की तडीला नेणार. डाग शिकले, पाणी शिकले, ऊन शिकले. सियागंजच्या बाजारातून सोडा कुठला आणायचा, नीळ किती घालायची, पावसाळ्यात कुबट वास का येतो, सगळं शिकले. त्या पडण्याला कितीतरी वर्षं होऊन गेली होती, तरी नाना सांगताना असं सांगत की काकू आता वरच पडल्यात आणि अँब्युलन्स रस्त्यात आहे.

मला एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यावर वाक्य टाकणाऱ्या काकू, ‘माझ्या फेसावरून पडली’ हे शब्द आले की गप्प व्हायच्या. खिडकीतून तोंड फिरवायच्या, काठीची मूठ पदरानं पुसायच्या, नाहीतर चहा मागायच्या. मला वाटायचं, दुखणं आठवत असेल.

गल्लीला मात्र नाना फुकटात मिळालेले. पप्पू भिया म्हणून समोर राहायचे, शेवेचा धंदा, पोट असं की आधी ते फाटकातून यायचं आणि मग जरा वेळानं पप्पू भिया. एका लग्नात तुपात बुडवलेले दाल-बाफले खाताना त्यांच्या सफारीवर तूप सांडलं. थोडं नाही. त्या सफारीला वात लावली असती तर गल्लीला दिवाळीपर्यंत उजेड पुरला असता.

“नानाजी, सूट तो गयो! साळ्याच्या लग्नाचा सूट आहे, घरवाली मला मारून टाकेल!” पप्पू भियांचं मराठी हे असं, आमच्या गल्लीत राहून राहून लागलेलं.

“पाणी लावलं का?”

“हां, लगेच लावलं ना!”

“लावलं!” नानांनी कपाळावर हात मारला. “तुपाला पाणी! अहो भिया, तूप पाण्याशी बोलतसुद्धा नाही. बसा इथे.”

मग त्यांनी डागावर पाठीला लावायची पावडर अशी थापली की सफारी नवरीसारखी दिसायला लागली. तासभर पावडरीनं तूप प्यायलं. ती झटकली, पुन्हा थापली. मग भांड्याचा साबण दोन थेंब, बोटानं चोळून, आणि कोमट पाणी. सूट निघाला. पप्पू भियांनी नानांना उचललंच. हवेत असतानाच नाना म्हणत होते, “माझंच चुकलं, तुम्ही लग्नाला निघाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की बाफले जपून खा.”

दुसऱ्या एका घरी हळद होती. नवरीच्या आईनं पांढऱ्या महेश्वरी साडीवर पडलेल्या हळदीला साबण लावला आणि डाग लालभडक झाला. बाईंनी असा हंबरडा फोडला की पाहुण्यांना वाटलं मुलगी पळून गेली. नाना गेले, साडीकडे पाहिलं, शांतपणे म्हणाले, “हळद आहे, साबण लागला की लाजते. धुवून टाका आणि उन्हात घाला. बाकीचं सूरजदेवाला करू द्या.” आणि झालंही तसंच, दोन-तीन उन्हांत साडी कोरी. पण परतताना नाना माझ्याशी बोलले नाहीत. घरापाशी आल्यावर म्हणाले, “मला येतं हे सगळं आता. तेव्हा एवढंच येत असतं, की रंग थंड पाण्यानं धुवायचा, तर फेस झाला असता का?”

मी फाटक उघडलं.

मुलानं बेंगळुरूहून वॉशिंग मशीन पाठवलं होतं. आपोआप चालणारं, समोरून काच असलेलं, बटणं दाबली की गाणं म्हणणारं. ते पुढच्या खोलीत होतं आणि त्यावर काकूंनी विणलेलं झालर लावलेलं कव्हर होतं. आत पापड असत. एकदा मी चुकून बटण दाबलं तर नाना किंचाळले, “अहो, उडदाचे आहेत!”

मुलगा फोनवर तोंड दाखवून ओरडायचा, “बाबा, मशीन वापरत का नाही तुम्ही?”

“बेटा, बोरिंगच्या पाण्यानं मशीनमध्ये खार बसतो.”

“मग नर्मदेच्या पाण्यानं लावा.”

“प्रेशर नसतं.”

“वर टाकी आहे ना!”

मग नाना चष्मा काढून पुसायचे. “मशीन नाही पडली ना पण,” ते म्हणायचे. “आई पडली.” आणि मुलगा विषय बदलायचा, आणि काकूंना चहा हवा असायचा.

त्या वर्षीच्या थंडीत नानांचे हात गेले. आधी नुसते कोरडे पडले, मग बोटांच्या पेरांना चिरा गेल्या. मी अतिशयोक्ती करतो असं माझी बायको म्हणते, पण त्या चिरांबद्दल मी काही वाढवून सांगणार नाही. डॉक्टरांनी बजावलं, पाणी नको, सोडा नको, साबण नको, नाहीतर जखमा चिघळतील आणि बोटं वाकायचीसुद्धा नाहीत. नानांनी सगळं ऐकून घेतलं, मलम आणलं, रोज आंघोळ झाल्यावर देवाला गंध लावावं तसं मलम लावलं, आणि पाण्याचा दिवस आला की बादली घेऊन बसले.

“अहो, डॉक्टर काय बोलले?”

“बोलले.”

“मग?”

“मग काय. गेले हात तर गेले. तुझा पाय गेला तेव्हा मी काय केलं?”

मी जिन्यात होतो. काकू खिडकीत अशा शांत बसल्या होत्या की मला क्षणभर वाटलं, खुर्ची रिकामी आहे.

आणि मग रंगपंचमी आली. मला सुट्टी होती. सकाळीच पप्पू भिया डोक्यापासून पायापर्यंत हिरवे होऊन आले. ते दरवर्षी नानांना गेरला न्यायला यायचे आणि नाना दरवर्षी नाही म्हणायचे. एरवी या दिवशी नाना खिडक्यासुद्धा लावून घेत. पण नळाला पाणी आलेलं, म्हणून ते मागच्या अंगणात बसले होते. मी आणि पप्पू भिया अंगणात गेलो तेव्हा त्यांच्या हातात उशीचा एक पांढरा अभ्रा होता.

अभ्र्यावर रक्ताचा ठिपका होता. त्यांच्याच बोटाचा. नानांनी थंड पाण्यात मागच्या बाजूनं चोळून तो काढला, अभ्रा पिळला, झटकला, तर दुसऱ्या कोपऱ्यावर नवा ठिपका. तो काढला. पुन्हा पिळला. तिसरा. ज्या माणसाला इंदूर शहरातला कुठलाही डाग हरवू शकला नव्हता, तो माणूस एका अभ्र्यापाशी अडकून बसला होता, कारण डाग येतच होता. तोंडानं पुटपुटत होते, “माझंच चुकलं, माझंच चुकलं.”

“ठेवा ते,” खिडकीतून काकू म्हणाल्या.

“दोन मिनिटं.”

“ठेवा म्हणते ना!”

तो आवाज ओरडण्याचा नव्हता. ओरडणं मला पाठ होतं. नानांनी मान वर केली.

“मी फेसावरून पडलेच नाही,” काकू म्हणाल्या.

अंगणात नळ तेवढा वाहत होता. पप्पू भियांनी हात लांब करून तो बंद केला.

“काय?”

“बादलीवरून पडले. तुमची ती बादली होती ना गच्चीवर, ती कठड्यापाशी पालथी घातली आणि तीवर चढले. फेस तर पलीकडे होता, मला दिसत होता, मी बाजूनं गेले. बादली सरकली. पडल्यावर घरंगळत फेसात गेले.”

“बादलीवर कशाला चढली होतीस तू?”

काकूंनी काठी दोन्ही हातांनी धरली.

“गेर बघायला.”

“मतलब, काकीजी खुद…” पप्पू भिया बोलले आणि मी त्यांचा हिरवा दंड दाबला.

“आपल्या गच्चीवरून दिसत नाही ना, टाक्या मध्ये येतात,” काकू सांगतच राहिल्या, कुणी विचारलं नव्हतं तेही. “ढोल ऐकू येऊन राहिले होते. जन्मभर लोफर लोफर म्हणत आले, आता कुणाला सांगू की मला बघायचीय? दवाखान्यात शुद्ध आली तर तुम्ही पलंगापाशी रडून राहिला होता, माझ्या फेसावरून पडली म्हणून. म्हटलं घरी गेल्यावर सांगीन. घरी आले, तर तुम्ही चादरी धुवायला बसलात. लग्नाच्या इतक्या वर्षांत पेला उचलून ठेवला नव्हता तुम्ही. मला बरं वाटलं हो. म्हटलं आठवडाभर राहू दे. मग सांगायचं कसं? तुम्ही सिलिंडरवाल्याला सांगायचा, माझा घास अडकायचा. आज सांगते, आज सांगते करत राहिले. तुमचे हात असे होईपर्यंत बसून राहिले मी इथे. वर ओरडत राहिले, निळा वेगळा काढा म्हणून.”

काकू रडत नव्हत्या. त्या नानांच्या हातांकडे बघत होत्या आणि नाना अभ्र्याकडे. मला तिथून जायचं होतं, पण पायाखाली जमीन इतकी कोरडी असूनही पाय उचलेना. पप्पू भिया जन्मात पहिल्यांदा बारीक दिसत होते.

नानांनी विचारलं.

“दिसली का?”

“काय?”

“गेर.”

“कुठली. नुसता गुलाल दिसला. टाक्यांच्या मधून, एवढासा.”

नानांनी मान हलवली. अभ्रा दोरीवर टाकला, ठिपक्यासकट. हात पुसले. पायांत चपला घातल्या आणि पप्पू भियांना म्हणाले, “चला.”

ते दुपारी परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. एक जांभळा, लाल, चांदीचा मुलामा दिलेला माणूस फाटकातून आत आला, मोरीत गेला, दार लावलं. दिवसभर काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. रागानं की कशानं, ते चेहरा धुतल्यावरही कळेना, कारण कानामागून रंग गळतच होता.

गल्लीत मात्र निकाल लागून गेला होता. पप्पू भियांच्या पोटात बरंच काही मावतं, गोष्ट मावत नाही. कुणी म्हणालं, नाना आता बेंगळुरूला जातील. कुणी म्हणालं, काकूंशी बोलणार नाहीत. आता धुणं बंद, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. काकूंनाही तेच वाटलं असणार. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मशीनवरचं कव्हर काढून घडी केलेलं होतं, पापड डब्यात भरलेले होते, आणि काकू काठीवर रेलून त्या बटणांसमोर उभ्या होत्या, कुणा साहेबापुढे उभं राहावं तशा.

“सावंतजी, बेटा, हे इंग्लिशमध्ये काय लिहिलंय ते जरा सांग. उद्यापासून मी लावत जाईन.”

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. शेजारच्या खोलीत नाना पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली परत महाराष्ट्रात झाली आणि सामान बांधण्याच्या गडबडीत नाना कसे दिसले, काय बोलले, ते फारसं ध्यानात राहिलं नाही. डोळ्यांपुढे येतात ते रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे नाना.

पाण्याचा दिवस नव्हता, तरी मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. मी कठड्यावरून खाली पाहिलं. नानांनी नर्मदेचं साठवलेलं पाणी काढलं होतं. हातांत कोपरापर्यंत रबरी हातमोजे, केशरी रंगाचे, विजेच्या खांबावर चढणारे लोक घालतात तसे. कुठून आणले देव जाणे. समोर कालचा रंगलेला सदरा, काकूंची साडी, चादरी. काकू आज खिडकीत नव्हत्या. त्यांची खुर्ची दोरीपाशी आणलेली होती, त्या मांडीवर चिमट्यांचं भांडं घेऊन बसल्या होत्या, आणि नाना पिळून देत ते कपडे बसल्या बसल्या झटकत होत्या. दोघंही बोलत नव्हती. मशीन आत तसंच उघडं पडलं होतं.

मला राहवलं नाही. वरूनच ओरडलो.

“अहो नाना, आता कशाला? तुमचं काही चुकलंच नव्हतं ना!”

नानांनी वर पाहिलं. कानामागे अजून जांभळा रंग होता. त्यांनी सदरा उलटा केला, पाण्यात बुडवला आणि म्हणाले,

“कपडे मळलेत.”